भरतीचा नियम

— नाही नाही, आधी हे लिहून घ्या, मग कॉफी. 'भरतीच्या नियमाला हात लावायचा नाही.' झालं? खाली दोन रेघा मारा. मी या बुद्धिबळाच्या क्लबात पाऊल टाकलं त्या दिवशी मला सगळ्यात आधी हे सांगितलं — कोट कुठे टांगायचा ते नंतर, शौचालय कुठे आहे ते तर त्याच्याही नंतर, आणि तेव्हा खरं तर तीच माहिती जास्त निकडीची होती. मी म्हटलं, का नाही लावायचा? तर आमचे अध्यक्ष डर्क काका म्हणाले, 'का? समुद्राला विचारतेस का, बाबा रे तू का चढतोस म्हणून?' आता समुद्राचं कारण माहीत आहे लोकांना, चंद्र वगैरे, चौथीत शिकवतात — पण अध्यक्षांना हे कोण सांगणार? बसा ना. त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते. आणि बिस्किट एकच घ्यायचं हं. हो, पाहुण्यांनीसुद्धा. आउक्ये मावशीचा डबा आहे तो; एकेक बिस्किट दिलं की झाकण बंद, आणि एकदा झाकण लागलं की राणी आली तरी उघडत नाही. पत्रकार असलात तरी हार्लिंगनचे डचच आहात, तुम्हाला काय सांगायचं — पण काही घरांत निदान डबा नजरेआड तरी ठेवतात, इथे तो समोर ठेवून झाकण लावतात.

ती भिंतीतली खिडकी? राहू द्या उघडी. त्या खिडकीतून पलीकडच्या खोलीत कॉफी देतात, बिजागरी गंजलीय, पूर्ण बंद होतच नाही. काळजी नको, आपलं बोलणं पलीकडे जात नाही — तिकडे ते तिघं एकमेकांवर इतके ओरडतात की त्यांना त्यांचं स्वतःचंच ऐकू येत नसेल. ऐका — हा जाडा आवाज डर्क काकांचा, अध्यक्ष, पूर्वी बेटाच्या फेरीबोटीवर कप्तान होते, अजून सगळ्यांशी धुक्यात भोंगा वाजवल्यासारखं बोलतात. बारीक आवाज आउक्ये मावशीचा. आणि मधेच जे खोकतात ना, ते सिब्रेन काका. माझ्या आईचे काका, पण अख्खं बंदरच त्यांना काका म्हणतं. त्यांनीच 'वाडलोपर' लिहिला. आयुष्यभर लोकांना ओहोटीच्या वेळी चिखलातून बेटापर्यंत चालत नेलं आणि पाणी चढायच्या आत सुखरूप आणलं — त्या माणसाने हिवाळ्यात बसून बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहिला तर त्याचं नाव दुसरं काय ठेवणार? वाडलोपर. चिखल तुडवणारा. नाव बरोबर ठेवलंय, कधी कधी डावही तसाच खेळतो.

हो, तो पक्षी लिहा, तो लिहाच. रस्त्याकडच्या खिडकीत उभा आहे तो भुसा भरलेला सीगल. एम्डेनवाल्यांशी, खाडीपलीकडच्या त्या जर्मनांशी, दर वसंतात आमच्या प्रोग्रॅमचा सामना होतो, आणि जो हरतो त्याने तो पक्षी वर्षभर सांभाळायचा. दर्शनी खिडकीत ठेवायचा, पाठ करून नाही, तोंड रस्त्याकडे. मी जन्मले तेव्हाही बहुतेक तो इथेच होता. त्याचा एक डोळा पडला, तो मावशीने बटण लावून बसवला, म्हणजे बघा किती मुरलाय घरात. आणि या वेळी नुसता पक्षी नाही — या वेळीही हरलो तर वाडलोपर बंद. डर्क काकांनीच ठराव केलाय. बाजारात आयता प्रोग्रॅम मिळतो, आपल्या दसपट चांगला, मग हा कशाला? मशीन भंगारात, खोली बिलियर्ड्सवाल्यांना. सिब्रेन काकांनी हात वर केला ठरावाला. मी त्यांच्या शेजारी बसले होते... असो. तर आज सामना बरोबरीत आलाय, दोन त्यांनी मारले, दोन आम्ही, एक बरोबरीत सुटला, आणि शेवटचा डाव कॉफीनंतर. मशीनसमोर मी बसणार. मशीन खेळी सांगतं, मी लाकडी पटावर मोहरा हलवते, घड्याळ दाबते. एवढंच काम, पण डर्क काका मला हात धुऊन यायला लावतात.

तर नियम. मला सांगितलंय पत्रकाराला नियम नीट समजावून सांग, म्हणून सांगते. समोरच्याचे मोहरे पटाच्या मध्यावर चढून आले, की आपले घोडे आणि उंट जितके घराकडे परततील तितके वाडलोपरला गुण जास्त. 'पाणी चढायला लागलं की घरी यायचं.' सिब्रेन काकांचं आयुष्यभराचं शहाणपण, एका नियमात. आणि याच नियमाने मागे एकदा ॲमस्टरडॅमच्या स्पर्धेत एका केवढ्या तरी मोठ्या प्रोग्रॅमला हरवलं — घोडा मागे घेतला आणि समोरच्याचं मशीन गारच! विचार करून करून थिजलं. तो फोटो बघा, केस होते तेव्हा सगळ्यांना. तेव्हापासून वाडलोपरचं बळ म्हणजे भरतीचा नियम, आणि नियमाला हात लावायचा नाही. झालं. संपलं. हेच छापायचंय तुम्हाला.

— असं बघू नका ना. तसं म्हणतात, म्हटलं मी. म्हणतात.

नाही, मी काही म्हणणार नव्हते. पण तुम्ही असे भुवई वर करून बसलात तर माणूस बोलणारच. तो ॲमस्टरडॅमचा डाव मी काढून बघितला. घोडा मागे गेला तेव्हा आपण हरत होतो. हरत म्हणजे कसं — आणखी पाच-सहा खेळ्यांत राजाला शाल-श्रीफळ देऊन निरोपच होता. आणि समोरचं मशीन थिजलं का? तर सफाई करणाऱ्या बाईंनी व्हॅक्युम लावायला त्याचा प्लग काढला! आउक्ये मावशी तिथे होती, तिने डोळ्यांनी बघितलं, आणि एका वाढदिवसाला अंड्याच्या दारूचे दोन पेले पोटात गेल्यावर मला सांगितलं. 'पण कशाला बोलायचं बाई,' म्हणाली, 'सगळे किती खूश होते.' ही यांची पद्धत! सगळे खूश होते! त्या प्लगवर एक देऊळ बांधायचं फक्त बाकी ठेवलं.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकते, ग्रोनिंगनला. मला हे सहन होईना. मी म्हटलं, वाडलोपर कशाने खेळतो ते शोधूनच काढू. तुम्ही वाटाण्याचं सूप करता ना घरी? बायको करते? बरं, तुम्ही खाता ना? तर सूप चांगलं कशाने होतं — सॉसेजने, सेलरीच्या गड्ड्याने, डुकराच्या हाडाने, की वाटाण्याने? एकेकाला विचारा, प्रत्येक जण आपण काय टाकतो त्याचंच नाव सांगेल. मग कळणार कसं? एकेक जिन्नस वगळायचा. बाकी सगळं तेच, पातेलं तेच, विस्तव तोच, आज फक्त सॉसेज नाही. खा. उद्या सॉसेज आहे, सेलरी नाही. खा. आणि एकदा खाऊन चालत नाही — एखाद्या दिवशी तुम्हाला सर्दी असते, एखाद्या दिवशी मीठ जास्त पडतं — पुन्हा पुन्हा खायचं, पोट फुटेपर्यंत खायचं, मग कुठे कळतं. मी तेच केलं. वाडलोपरमधली एक गोष्ट बंद करायची आणि त्या लंगड्या वाडलोपरला धडधाकट वाडलोपरशी खेळवायचं, पुन्हा, पुन्हा, हजारो डाव. कॉलेजने भंगारात काढलेली तीन मशीनं आईच्या पोटमाळ्यावर नेली आणि हिवाळाभर चालू ठेवली. इतकी तापायची की आईने वर दोरी बांधली आणि सगळ्यांचे मोजे तिथे वाळत घातले. वडील म्हणाले, हे बुद्धिबळ वाईट नाही हं, मोजे गरम मिळतात.

आणि काय गंमत सांगू तुम्हाला! एक भाग असा आहे की मोहऱ्यांची मारामारी सुरू झाली तर ती शमेपर्यंत बघायची, मधेच मत द्यायचं नाही. तो बंद केला. तर वाडलोपर माझ्या धाकट्या भावासारखा खेळायला लागला — 'मी तुझं प्यादं वजिराने मारलं, हा हा!' आणि पुढच्या खेळीला आपला वजीर गेला हे त्याला दिसतच नाही. धडाधड हरला. म्हणजे तो भाग सुपातलं हाड, त्याच्याशिवाय चव नाही. मग डर्क काकांचा नियम, वजीर लवकर बाहेर काढू नये. तो बंद केला तर — काही नाही. फरकच नाही. अध्यक्षांना बाहेर पाठवलं आणि घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही! त्यांना अजून सांगितलेलं नाही. आउक्ये मावशीचा नियम, दोन उंटांची जोडी मोडू देऊ नका — तो तिची कटकट थांबावी म्हणून घातला होता म्हणे — तो काढला तर वाडलोपर जरा पडला. म्हणजे मावशीची कटकट बरोबर होती! हेही तिला सांगितलं नाही, नाहीतर डब्यातून अर्धंच बिस्किट मिळायला लागेल.

आणि मग भरतीचा नियम. हात लावायचा नाही, हात लावायचा नाही — मी लावला. बंद केला. रात्रभर मशीनं घरघरली, सकाळी मोजे काढायला आई वर गेली आणि मी तिच्या मागे. — वाढला! अहो, वाडलोपर सुधारला! थोडाथोडका नाही, एखाद्याच्या पायातला दगडाचा बूट काढावा तसा. मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. घोडे उगाच मागे पळत होते हो! समोरचा मध्यावर आला की आपले सगळे शूर वीर तंबूत. चिखलात पाणी चढलं तर घरी यावं, खरं आहे, पण बुद्धिबळाच्या पटावर पाणी नसतं, एम्डेनवाले असतात, आणि ते मागोमाग घरात घुसतात!

सांगितलं ना, सांगितलं. त्याच आठवड्यात, कॉफीच्या वेळी, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, 'काका, तुमचा नियम वाईट आहे.' — हो, असंच म्हटलं. कसं म्हणायला हवं होतं? पहिलं वाक्य ते होतं, दुसरं वाक्य वेगळं होतं, पण दुसऱ्यापर्यंत कोण पोचू देतंय! डर्क काका उठून उभे. 'पोरी, हा नियम तू लंगोटातही नव्हतीस तेव्हापासून आहे!' मावशी म्हणाली, 'अगं, कॉफी तरी संपू द्यायची.' आणि सिब्रेन काका नुसते मशीनकडे बघत बसले. मी म्हटलं, हजारो डाव आहेत माझ्याकडे. तर डर्क काका म्हणाले — हे लिहाच — 'पोटमाळ्यावर मोज्यांखाली खेळलेले डाव मी धरत नाही. डाव म्हणजे लाकडी पट, घड्याळ आणि कॉफी.' आणि परीक्षा ठरली! दहा डाव, नियमवाला विरुद्ध बिननियमवाला, इथे, लाकडी पटावर, माणसांनी मोहरे हलवायचे. दहा! मी म्हटलं, काका, दहा वेळा नाणं उडवलं तरी सहा वेळा छापा येतो, म्हणून काय छाप्याला अध्यक्ष करता? माझ्या मांजरीला दहा डाव खेळवा, तीही दोन मारेल. कोण ऐकतो. ज्या माणसांनी आयुष्यभर पाणी बघून बोट हाकली त्यांना डोळ्यांसमोर झालेलंच खरं.

आणि त्या दहातला एक डाव तर — हसू नका हं, मला तेव्हा रडू येत होतं — माझ्या बाजूचे मोहरे डर्क काका हलवत होते. मशीनने सांगितलं उंट. काकांचा चष्मा कपाळावर. त्यांनी उचललं प्यादं. आमचे मोहरे जुने, उंटाचं टोक कधीच मोडलंय, सगळे सारखेच दिसतात. ठेवलं प्यादं, दाबलं घड्याळ. मी ओरडले, अहो तो उंट! तर आमचे अध्यक्ष छातीवर हात ठेवून म्हणतात, 'हात लागला तो मोहरा चालला. कायदा आहे.' कायदा माणसांसाठी आहे हो! मशीनला हात कुठेत! पण नाही. डाव धरला गेला. सहा–चार, भरतीचा नियम विजयी. काकांनी बोटीवरची पितळी घंटा वाजवली. निकाल काचेत बसवून टांगलाय, तो बघा, पक्ष्याच्या डोक्यावर.

मग? मग मी काय करणार? गप्प बसले. — नाही, खरंच गप्प बसले. 'लाव नियम परत,' म्हणाले. मी म्हटलं बरं. बरं म्हणजे... बरं हा शब्द फार मोठा आहे आपल्याकडे, त्यात पुष्कळ मावतं. आता बघा, काल पहिला डाव जिंकल्यावर डर्क काका कसे गरजले सांगू? 'बघा, भरती!' प्रत्येक चांगल्या खेळीला — 'बघा, भरती!' वाडलोपरने घोडा थेट एम्डेनच्या पोटात घातला, पुढे, मागे नाही, पुढे! — तरी 'बघा, भरती!' आणि मी तिथे बसलेय तोंडात रुमाल कोंबून, कारण शुक्रवारपासून नियम बंदच आ—

...

हे लिहू नका.

लिहिलंत? लिहिलंत ना, दिसतंय मला. खोडा. — पेन्सिल आहे तर रबरही असेल! बरं, ऐका, फसवलं नाही मी कुणाला, सामन्याच्या नियमात बसतं, कुठलाही क्लब दोन डावांच्या मधे काहीही बदलू शकतो, एम्डेनवाले तर जेवता जेवता बदलतात. मी फक्त आमच्या तिघांना सांगितलं नाही. आणि या पाच डावांनी काही सिद्ध होतं असंही मी म्हणत नाही, उगाच माझ्या तोंडी घालू नका. दहाने होत नाही तर पाचाने कसं होईल? शेवटचा डाव आपण हरूसुद्धा. पण हरायचंच तर पाठीला पाय लावून पळत हरायचं नाही, एवढंच.

नाही, काकांना दुखवायचं नाही मला. तुम्ही तसं लिहाल तर मी तुमच्या कचेरीत येऊन त्या पक्ष्याने मारीन. ते मला चिखलात घेऊन जायचे, लहान होते मी, खांद्यावर बसवून. शिंपल्यांनी तळपाय फाटायचे त्यांचे, पण मला खाली नाही उतरवलं. बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं. हरले की मी पट उधळायचे, ते मोहरे गोळा करत म्हणायचे, 'बरोबर आहे, मांडणीच चुकली होती.' — हे कशाला लिहिताय? याचा प्रोग्रॅमशी काय संबंध!

हां, हे विचारा. हे विचारलंत ते बरं केलंत. मग बळ कशात आहे? इथेच तर सगळं घोडं पेंड खातं. तेच तर माझं दुसरं वाक्य होतं. सगळं एकेक करून काढून झालं, आणि शेवटी उरल्या तीन ओळी. तीन! प्रोग्रॅमच्या अगदी पोटात, कुणी तिकडे जात नाही. मी सहज बंद केल्या, म्हटलं ह्या पण बघून टाकू. आणि वाडलोपर मेला. मेलाच म्हणा! हाड नाही, सॉसेज नाही — वाटाणेच काढले सुपातले, नुसतं गरम पाणी! त्याला एरवी दिसायचं त्याच्या निम्म्यापर्यंतही दिसेना. मी घाबरून पोटमाळ्यावर मोज्यांच्या दोरीतच अडकले.

काय आहे त्या ओळींत? सांगते. मशीनला हजारो वाटा तपासाव्या लागतात, मी असा गेलो तर तो तसा येईल. समजा लांबलचक बोळ आहे, दारंच दारं, आणि तुमच्या हातात हा एवढा जुडगा. एका दाराला एक किल्ली लागली. आता शेजारच्या दाराशी आलात तर पुन्हा पहिल्यापासून जुडगा चाळाल का? नाही. जी आत्ता लागली तीच आधी लावून बघाल. बस, एवढंच! एका वाटेत ज्या खेळीने समोरच्याचा बेत मोडला, ती शेजारच्या वाटेत सगळ्यांत आधी करून बघ. लागली तर बाकीचा जुडगा चाळायलाच नको, तेवढा वेळ वाचला, तेवढं पुढचं दिसलं. भरतीबिरती काही नाही. या तीन ओळींवर वाडलोपर उभा आहे, ॲमस्टरडॅमच्या आधीपासून.

आणि त्या ओळींच्या डोक्यावर लिहिणाऱ्याने एक शेरा मारून ठेवलाय. मला पाठ आहे. 'तात्पुरतं. सूप गार होतंय. नंतर नीट लिहीन.' आणि खाली — सिब्रेन.

आता बोला! नियमावर त्यांचं सगळं नाव, फोटो, घंटा, काचेतला निकाल. आणि जे खरं त्यांनी केलंय, ज्याच्यासाठी एम्डेनवाल्यांनी यांचे चिखलाचे बूट पुसायला हवेत, ते जेवायची हाक आली म्हणून घाईघाईत खरडलेलं! आणि त्याची लाज वाटते त्यांना! मी एकदा विचारलं होतं, लहानपणी, पडद्यावर सरकताना दिसलं म्हणून — काका, हे काय? तर पटकन पुढे सरकवलं. 'काही नाही ग, केर आहे, काढायचा राहिलाय.' केर! आणि परवा हाच केर काढून टाकायला हात वर केला त्यांनी, माझ्या शेजारी बसून! मला सांगायचं होतं हो त्यांना. 'काका, तुमचा नियम वाईट आहे, पण वाडलोपर तुमच्याच तीन ओळींवर चालतो' — एवढं साधं. पण डर्क काकांचा भोंगा वाजला, मग मीही पेटले, म्हटलं जा, नाही सांगत, बसा तुमच्या भरतीत. मग रोज म्हणायचं उद्या सांगू, आणि रोज कुणीतरी म्हणायचं 'बघा, भरती!' आणि माझी जीभ —

थांबा.

पलीकडचा आवाज कधी बंद झाला?

नाही, खरंच. एवढा वेळ ओरडत होते. तुम्हाला कधीपासून... ती खिडकी. अरे देवा, ती खिडकी. मावशी? मावशी, तुझा चष्मा दिसतोय मला फटीतून. किती वेळ? — 'माझ्या कटकटीपासून.' म्हणजे जवळजवळ सगळंच. चला, बरं झालं, लपवायला काही उरलं नाही.

काय? मोठ्याने बोला, डर्क काका, एरवी तुम्हाला सांगावं लागत नाही. — 'आत्ताच्या आत्ता लाव.' काय लावू? — 'नियम लाव, शेवटचा डाव नियमाने खेळायचा, नाहीतर खुर्चीवरून ऊठ, मी बसतो.' तुम्ही बसणार? त्या मोडक्या उंटांसकट? आणि पत्रकाराला काय सांगू? — 'जे ठरलंय ते.'

नाही.

नाही म्हटलं. ऐकू येतंय ना, का भोंगा आणू? लावणार नाही. तुम्ही बघितलं म्हणून खरं, तुम्ही ठरवलं म्हणून खरं, सगळे खूश होते म्हणून खरं — नाही! हरलो तर पक्षी मी घेते, माझ्या खोलीत ठेवते, तोंड रस्त्याकडे करून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की हे माझ्यामुळे. पण तो नियम मी लावणार नाही. आणि त्या तीन ओळींना कुणी केर म्हटलेलं ऐकून घेणार नाही, लिहिणाऱ्याने म्हटलं तरी नाही. काका, तुम्हालाच म्हणतेय. सूप कधीच गार झालंय, आता नीट लिहायची काही गरज नाही.

...

ऐकताय? काहीच नाही. खोकला पण नाही. काका? ... बोला काहीतरी. रागवा तरी.

हे काय? खिडकीतून कोण — नको, तुम्ही उठू नका. काकांचा हात आहे, तो अंगठा ओळखते मी, शिंपल्याने चिरलेला. डबा सरकवतायत इकडे. मावशीचा डबा. आणि — अहो, झाकण काढलंय.

झाकण काढलंय.

घ्या. मी सांगते ना, घ्या, दुसरं घ्या, असा दिवस पुन्हा यायचा नाही. आणि आता निघा बरं, मला हात धुवायचेत, एम्डेनवाले पट मांडून बसले असतील. — नाही, हे लिहू नका. बाकी सगळं छापा, प्लगसुद्धा छापा. हे डब्याचं मात्र नाही. जा आता.